दोन लाख रुपये, एक हायस्कूल: जूनमध्ये वह्याच वाटायच्या की दुसरं काही?

वेशीवरचा वड
मंडळी,
आमच्या तालुक्याच्या गावच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनी यंदा दोन लाख रुपये जमवलेत. दरवर्षीचा शिरस्ता ठरलेला आहे. शाळा उघडली की पटांगणात मंडप, हारतुरे, भाषणं आणि प्रत्येक मुलाला सहा वह्या व कंपासपेटी. आठवी ते दहावीचा पट ३१०. त्याच आवारात कनिष्ठ महाविद्यालय आहे, कला आणि विज्ञान मिळून दोनशेच्या आसपास मुलं.

यंदा गटात दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, वह्या थेट मुलाच्या हातात पडतात आणि हिशेब सरळ राहतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, वह्या पालक कसंही करून घेतातच, शाळा-कॉलेज सुटतं ते वेगळ्या कारणांनी.

या कामातले जाणकार इथे बरेच आहेत म्हणून विचारतो. एवढ्या रकमेत सगळ्यात जास्त उपयोग कशाचा? संस्था नोंदणीकृत नाही, पैसे खजिनदाराच्या बचत खात्यात आहेत. मार्चची सुरुवात आहे, म्हणजे हाताशी तीन महिने. गटातल्या काहींना याच महिन्यात दाखल्यांचं शिबिरही घ्यायचंय, त्यावरही मत द्या.

खडूफळा
आधी वह्यांचं बोलू, कारण त्यातही चुका होतात.

अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं सरकारकडून मोफत येतात. नववीपासून सगळं विकत. म्हणजे तुमच्या शाळेत खर्चाची उडी बसते ती नववीत, आणि तुम्ही मात्र तिन्ही वर्गांना सारख्याच सहा वह्या देता. नववी-दहावीच्या गरजू मुलांना पाठ्यपुस्तकांचा पूर्ण संच द्या. त्याहून बरं म्हणजे शाळेत पुस्तकपेढी करा. दहावीचा शेवटचा पेपर झाला की संच परत घ्यायचे, फाटके बाजूला काढायचे, उरलेल्यांना कव्हर घालून पुन्हा द्यायचे. अभ्यासक्रम बदलत नाही तोवर एक संच तीन वर्षं सहज चालतो.

वह्या घ्यायच्याच असतील तर आधी विषयशिक्षकांकडून यादी घ्या. भूमितीला एका बाजूला कोरी असलेली, विज्ञानाला प्रयोगवही, भाषांना दोनशे पानी. सरसकट शंभर पानी सहा दिल्या की दिवाळीच्या आत संपतात आणि मूल दुकानात जातंच. खरेदी एप्रिलमध्ये करा, जूनमध्ये भाव चढलेला असतो. आणि पानं मोजून घ्या. "दोनशे पानी" म्हणून १७२ पानांची वही सर्रास खपवतात. कागदाची जाडी ५४ जीएसएमच्या खाली नको, पेनाची शाई मागे उतरते.

कंपासपेटी देऊ नका. स्वस्त पेटीतला कंपास पहिल्या वर्तुळालाच ढिला पडतो. त्याच पैशात एकटा चांगला कंपास येतो.

झणझणीत
वहीच्या मलपृष्ठावर साहेबांचा फोटो नसेल तर ती वही बोर्डाला चालते का?

खडूफळा
@झणझणीत, चालते. फोटो असला तर मिशा काढायची सोय होते एवढंच.

सेतूवाला
दाखल्यांच्या शिबिराबद्दल. कल्पना चांगली आहे, महिना चुकलाय.

उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो आणि ३१ मार्चला त्याची मुदत संपते. मार्चमध्ये काढून दिलात तर जूनच्या प्रवेशाला तो कागद रद्दी. १ एप्रिलनंतरच काढा. नॉन क्रीमीलेयर दाखल्यालाही (मागासवर्गातल्या उत्पन्नमर्यादेचा) तीन वर्षांचं उत्पन्न बघतात, तेव्हा तोही एप्रिलनंतर.

मार्चमध्ये करण्यासारखी कामं ही: जातीचा दाखला आणि वय-अधिवास. यांना मुदत नसते, एकदा काढले की झाले. शिवाय आधार. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं अद्ययावतीकरण सक्तीचं असतं. ते न केलेल्या मुलाचं बँकेत केवायसी अडतं, कारण ठसे लहानपणचे.

नावाचं तर विचारूच नका. पूजाच्या नावात आधारवर 'यू' आणि शाळेच्या रजिस्टरवर 'डबल ओ', एवढ्यावर अर्ज महिनाभर लटकतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे छापून येतं ते पुढे आयुष्यभर चालतं, म्हणून नववीतच जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून घ्या. बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी दुरुस्ती शाळेच्या पातळीवर होते. नंतर विभागीय मंडळाच्या चकरा.

आणखी एक. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. "पाचशेचा स्टँप आणा" म्हणणारा भेटलाच तर शासनाचा आदेश छापून बरोबर ठेवा.

निळी शाई
सेतूवाल्यांनी महत्त्वाचं सांगितलं, मी एक भर घालतो: जात पडताळणी. विज्ञान शाखेच्या मुलांना अभियांत्रिकी, फार्मसी, वैद्यकीयला राखीव जागेवर जायचं तर वैधता प्रमाणपत्र लागतं. अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करायचा. बारावीच्या निकालानंतर केला तर प्रवेश फेऱ्या निघून जातात आणि मूल खुल्या वर्गाच्या फीमध्ये अडकतं.

पुरावा कुठपर्यंतचा लागतो हे पालकांना कोणी सांगत नाही. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. पंजोबांच्या शाळेचा दाखला, जुना गाव नमुना, जन्म-मृत्यूची नोंद, जे सापडेल ते. वडिलांकडच्या रक्तनात्यात कोणाची वैधता आधीच झाली असेल तर काम निम्म्याने हलकं होतं, वंशावळ मात्र नीट जोडावी लागते. तुमच्या गटात निवृत्त तलाठी किंवा मुख्याध्यापक असतील तर त्यांना या कामाला बसवा. जुनी मोडी नोंद वाचणारा एक जण मिळाला तर उत्तमच.

व्यवस्थापन
आरक्षण असावं की नसावं यावरचे प्रतिसाद आल्याबरोबर उडवले जातील. दोन आत्ताच उडवले.

बांधावरून
माफ करा, पण दाखले, पडताळणी, आधार हे सगळं सरकारचं काम. लोकांनी वर्गणी काढून सरकारची कामं करायची हे पटत नाही. वह्या बऱ्या, निदान आपण दिलं हे दिसतं तरी.

निळी शाई
@बांधावरून, दाखला तहसीलदारच देणार. प्रश्न तिथपर्यंत पोचण्याचा आहे. ऊसतोडीला गेलेले आईबाप दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. मुलगी आजीपाशी. सहीला पालक नाही, तालुक्याला दोन खेपा, प्रत्येक खेपेला बुडालेला रोज. तिथे एका माणसाने बरोबर जाणं याची किंमत वह्यांपेक्षा जास्त आहे. दिसत नाही हे मान्य.

टेबल क्रमांक चार
कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळणाऱ्याच्या नजरेतून. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, पैसे मंजूर होऊनही खात्यात का येत नाहीत, याची कारणं तीच तीच असतात.

सगळ्यात मोठं कारण आधार सीडिंग, म्हणजे आधारला बँक जोडणं. डीबीटीचे, म्हणजे सरकारने थेट टाकलेले, पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. मूल अर्जात एका बँकेचं पासबुक जोडतं आणि मध्येच कोणत्या तरी ॲपच्या नादात दुसऱ्याच बँकेत खातं उघडून बसतं. पैसे तिकडे. मायआधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं. अर्ज भरायच्या दिवशी प्रत्येकाचं बघा. बँकेत "आधार लिंक आहे" असं सांगतात ते वेगळं, 'डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग करा' (आधारचे पैसे कोणत्या बँकेत जातील याची नोंद) असं लेखी द्या.

दुसरं, खात्याचा प्रकार. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेलं 'स्मॉल अकाउंट' असेल तर शिल्लक ५० हजारांच्या वर जाऊ शकत नाही आणि वर्षभरात एकूण जमा एक लाखापलीकडे नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाची रक्कम आली की व्यवहार परत फिरतो. पूर्ण केवायसी करून साधं बचत खातं करून घ्या. पतसंस्थेचं खातं तर चालतच नाही.

तिसरं, अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. घरात एकदम एवढी रक्कम आली की ती दुसऱ्या गरजेला जाते. मग कॉलेज परीक्षेचा अर्ज अडवतं. मुलाला आणि आईबापांना हे आधीच बसवून सांगितलं तर निम्मी भांडणं टळतात.

चौथं: कॉलेजने त्रुटी काढून अर्ज परत पाठवलेला असतो आणि मूल लॉगिनच करत नाही. पासवर्ड सायबरवाल्याकडे, मोबाइल क्रमांक मामाचा. मुलाचा स्वतःचा क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवायला लावा.

रिमझिम
टेबल क्रमांक चार, हा प्रतिसाद छापून प्रत्येक कॉलेजच्या नोटीसबोर्डवर लावायला हवा. मुलींसाठीचं एक राहिलं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (खुल्या वर्गातले आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा समाजासाठीचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की माफी गेली. घाबरून पहिल्या फेरीआधीच कोट्यात पैसे भरणारे पालक दरवर्षी दिसतात.

टेबल क्रमांक चार
@रिमझिम, आणि माफी फक्त त्या दोन शुल्कांची. वसतिगृह, मेस, अनामत, गणवेश, सगळं शिल्लकच. "फी माफ आहे ना" म्हणून देणगीदार हात काढून घेतात, तिथे घोटाळा होतो.

पारावरचा हिशेब
मूळ प्रश्नाचं माझं उत्तर या शेवटच्या दोन प्रतिसादांतच दडलंय. पैसा सरकारकडून येतो, पण येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, कधी पुढच्या वर्षी. कॉलेज मागतं जुलै-ऑगस्टमध्ये. मधले सात-आठ महिने कोण धरणार? तिथेच सावकार किंवा आईचे डोरले येतात. दोन लाखांचा सर्वांत मोठा उपयोग म्हणजे या मधल्या काळासाठी बिनव्याजी फिरता निधी.

पद्धत अशी ठेवा:
केंद्रीय फेरीत जागा मिळाल्यावर हजर व्हायला तीन-चार दिवस असतात. म्हणून निर्णय २४ तासांत व्हायला हवा. तीन जणांची समिती, त्यातल्या दोघांची फोनवर संमती पुरे. बैठक बोलावत बसलात तर जागा गेली.

एका मुलाला कमाल २० हजार. पैसे मुलाच्या हातात नाही, कॉलेजच्या खात्यात मुलाच्या नावाने. पावती मुलाकडे, छायाप्रत तुमच्याकडे.

मुलाकडून कोरा चेक, मूळ कागदपत्रं, दागिना यातलं काहीही ठेवून घ्यायचं नाही. साधं संमतीपत्र: शिष्यवृत्ती किंवा अनामत आली की परत करेन. पालकाची सही.

वसुलीसाठी माणूस पाठवायचा नाही. आठवण एकाच व्यक्तीने करायची, आणि महाडीबीटीची स्थिती स्वतः तपासून मगच. पैसे आलेच नसतील तर फोन करून काय उपयोग? काही रक्कम बुडणार हे पहिल्या दिवशीच धरून चला. पाचवा हिस्सा बुडीत मानलात तर मनस्ताप होत नाही.

दहा मुलं एका वर्षी, परत आलेल्या पैशांतून पुढच्या वर्षी आठ. वह्या एकदाच वाटल्या जातात.

झणझणीत
डोरल्याचं लिहिलंत ते खरं. बाकी "वसुलीसाठी माणूस पाठवायचा नाही" हे आमच्या पतसंस्थेच्या चेअरमनला दाखवतो, चक्कर येईल.

जमाखर्च
फिरता निधी उत्तम, पण खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यातून नको. उद्या प्राप्तिकराची नोटीस आली तर ते दोन लाख त्याचं उत्पन्न नाही हे सिद्ध करत बसेल. शिवाय खातेदाराचं काही बरंवाईट झालं तर पैसे वारसांचे.

नोंदणीचा मार्ग: सोसायटी नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी. मग पॅन, खातं, मग प्राप्तिकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी. तीन महिन्यांत पुरं होणार नाही. यंदासाठी गावातल्या एखाद्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थेत राखीव निधी म्हणून जमा करा. उद्देश ठरावात लिहून घ्या आणि खर्च तुमच्या समितीच्या शिफारशीनेच होईल असं एक वाक्य टाका.

व्याज एक पैसाही लावू नका, "सेवाशुल्क" म्हणूनही नाही. व्याज आलं की महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चा प्रश्न उभा राहतो. विश्वस्त संस्थेच्या हिशेबात दिलेलं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज त्या वर्षीचा विनियोग, म्हणजे खर्च, धरतात आणि परत आलं की त्या वर्षीचं उत्पन्न. लेखापरीक्षकाला आधीच सांगा.

देणगीदारांना: ८०जीसाठी दोन हजारांवर रोख चालत नाही. आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ती वजावट मिळतच नाही, तेव्हा पावतीसाठी खजिनदाराला छळू नका.

दूरचा पाऊस
मी अमेरिकेत असतो. आमच्याकडचे चार-पाच जण मिळून पैसे पाठवू शकतो. थेट पाठवले तर चालेल का?

जमाखर्च
@दूरचा पाऊस, पासपोर्ट कोणता? भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असाल तर ते परदेशी योगदान धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही धरतात. मग घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि त्या संस्थेचं त्यासाठीचं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच असतं. गावातल्या छोट्या संस्थेकडे हे नसतं. "भावाच्या खात्यात पाठवतो, तो देईल" ही पळवाट सुचवू नका, संस्था अडचणीत येते.

दूरचा पाऊस
पाचातले तीन ओसीआय. म्हणजे दोघांवरच भार. कळलं.

झणझणीत
बाकीच्या तिघांनी सुट्टीत येऊन दाखल्यांच्या रांगेत उभं राहावं. त्याला नोंदणी लागत नाही.

डबा उघडा
गावातून पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांचा विचार कोणीच केला नाही. दोन वेळची मेस महिन्याला तीन हजारांच्या पुढेच असते. पैसे संपत आले की मूल आधी रात्रीचं जेवण सोडतं. घरी सांगत नाही.

करायचं असेल तर रोख देऊ नका. मेसवाल्या मावशींशी थेट बोला. चार-पाच मुलं एकत्र पाठवली तर दर कमी करतात. खाड्याचा, म्हणजे गैरहजेरीचा, नियम आधीच ठरवून घ्या. किती दिवस सलग गैरहजर राहिल्यावर पैसे वजा होणार, आणि आधी सांगायचं की नंतर, हे सगळं वहीवर. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, त्या वेळचं काय हेही विचारा. आणि मेसच्या यादीत ही मुलं वेगळ्या रंगाने लिहू देऊ नका. बाकीच्यांना कळलं की मुलं यायचीच बंद होतात.

अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना त्याच धर्तीवर. दोन्हींचे पैसे उशिराच येतात, त्यामुळे पारावरच्या हिशेबवाल्यांचा फिरता निधी इथेही बसतो.

जुनी वाट
अवांतर: जेवणाचा आधार ही आपल्याकडची जुनी रीत. वार लावून जेवणारी, माधुकरी मागणारी मुलं पुण्यात होती. अनाथ विद्यार्थी गृह १९०९ चं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. त्याआधी १९०१ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीरांच्या रयतमध्ये श्रमाच्या बदल्यात शिक्षण. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, ती आजही ग्रामीण मुलामुलींची वसतिगृहं चालवते. तुमच्या गावची मुलं पुण्यात येणार असतील तर वसतिगृहांचे अर्ज निकालाच्या सुमारासच सुटतात, आधी चौकशी करून ठेवा. नव्याने सुरू करण्यापेक्षा असलेल्या दाराशी मूल नेऊन उभं करणं सोपं.

पेठेतला पाहुणा
मेसचा विषय निघालाच आहे तर स्पर्धा परीक्षावाल्यांनाही धरा. अभ्यासिकेची फी, खोलीचं भाडं, मेस. त्यांचे हाल कोणी बघत नाही.

बांधावरून
याला माझा विरोध. पाच-पाच वर्षं पुण्याच्या पेठेत अभ्यासाला बसलेल्यांना गावच्या वर्गणीतून पोसायचं आणि दहावीच्या पोरीला वही नाही?

पेठेतला पाहुणा
पोसायचं म्हणजे काय? तीही गरजू मुलंच आहेत.

डबा उघडा
दोघेही थांबा. मुदत ठेवली की वाद राहत नाही. पदवीनंतर एक वर्ष, आणि त्या वर्षात दुसरं काहीतरी सोबत हवं: टंकलेखनाची परीक्षा, एखादा कोर्स, अर्धवेळ काम. ते मान्य नसेल तर मदत नाही. पण दोन लाखांत हा विषय घेऊच नका, सगळा निधी तिथेच जिरेल.

आठवीचा वर्ग
३१० मुलांत आठवीची किती? कारण एनएमएमएस, म्हणजे आठवीच्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती, कोणी काढलीच नाही. आठवीत परीक्षा, निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, म्हणजे एकूण ४८ हजार. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीत ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सूट. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित शाळा हवी. तुमची बसते. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न: बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता. मुलं पडतात ती पहिल्यात, कारण आकृत्या, मालिका, सांकेतिक भाषा वर्गात कोणी शिकवत नाही. जुलैपासून आठवड्याला दोन तास सराव आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स, एवढाच खर्च.

निवड होऊनही पैसे जातात ते राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी न केल्याने. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. शाळेत एक शिक्षक त्यासाठी ठरवून घ्या.

मराठा-कुणबी मुलं उत्तीर्ण झाली पण निवड यादीत आली नाहीत तर सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६००. तिचा अर्ज वेगळा. बहुतेकांना माहीतच नसतं.

रिमझिम
आठवीचा वर्ग यांना +१. आणि वडील गेलेली किंवा एकल पालक असलेली मुलं शोधा. बालसंगोपन योजनेत अठरा वर्षांपर्यंत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची, आधी गृहभेट होते. मृत्यूदाखला, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, मुलाचं बँक खातं. दोन मुलं असतील तर त्या घराला वर्षाला पन्नास हजारांच्या वर आधार. तुमच्या खिशातून फक्त जिल्ह्याचा एसटीचा खर्च.

या मुलांचे फोटो कुठेही टाकू नका. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा बालकांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. गटाच्या व्हॉट्सॲपवरही नको.

शेवटची एसटी
कोणी वाहतुकीबद्दल बोललं नाही. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत, मुलांना भाड्याच्या एक तृतीयांश पैशात. मुख्याध्यापकांनी यादी दिली तर पास शाळेतच मिळतात. अडचण पासची नसते, वेळेची असते. कॉलेज सुटतं पाचला, गाडी पावणेपाचला. मुलगी शेवटचा तास, बहुतेक प्रॅक्टिकलचाच, बुडवते. मग गुण जातात, मग घरचे म्हणतात बस झालं.

आगार व्यवस्थापकाला अर्ज द्या. "गैरसोय होते" असं मोघम नको. मार्ग, थांब्यांची नावं, प्रत्येक थांब्यावर किती मुलं, शाळा भरण्या-सुटण्याची वेळ, सध्याच्या गाडीची वेळ, हवी असलेली वेळ. ग्रामपंचायतीचा ठराव आणि मुख्याध्यापकांचं पत्र जोडा. जूनच्या वेळापत्रकाआधी, म्हणजे एप्रिलमध्ये. गाडी वीस मिनिटं मागे गेली तर त्या रस्त्यावरच्या सगळ्या गावांचं काम होतं, फुकटात.

खडूफळा
आणि सुटलेल्यांचं काय? नववीत नाव कमी झालेली मुलं यादीतच नसतात, त्यामुळे वाटपात कधी दिसत नाहीत. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून मागच्या दोन वर्षांत गेलेल्यांची नावं काढा. १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसता येतं. वय १४ पूर्ण आणि किमान पाचवी उत्तीर्ण हवं. अर्ज पावसाळ्यात सुरू होतात, लेट फी लागायच्या आत भरा. दहावी नापास असेल तर जून-जुलैची पुरवणी परीक्षा. तिथे दोन विषयांची शिकवणी आणि परीक्षा शुल्क दिलं तर एका मुलाचं वर्ष वाचतं.

वेशीवरचा वड
सगळं वाचलं. गटात चर्चा होऊन साधारण असं ठरतंय: सव्वा लाख फिरता निधी, गावातल्या वाचनालयाच्या विश्वस्त संस्थेत राखीव म्हणून. तीस हजार नववी-दहावीच्या पुस्तकपेढीला. पंधरा हजार १७ नंबर आणि पुरवणीवाल्यांच्या फीला. दहा हजार दाखले, झेरॉक्स, प्रवास. उरलेले वीस हजार वह्यांना, पण आठवीला नाही आणि सगळ्यांना नाही, वर्गशिक्षकांच्या यादीप्रमाणे ऑफिसमधून गुपचूप. मंडप रद्द. यावर दोन ज्येष्ठ रुसलेत.

@शेवटची एसटी, अर्ज कालच लिहिला. चार गावांचे थांबे, ६३ मुलं.

बांधावरून
यादीप्रमाणे वाटप केलं की गावात "माझ्या पोराला का नाही" सुरू होणार. तयारी ठेवा.

खडूफळा
@बांधावरून, बरोबर. म्हणून यादी गटाने करायची नाही. वर्गशिक्षक नाव सुचवतात, मुख्याध्यापक सही करतात, गटाला फक्त आकडा कळतो. कोणी विचारलं तर खरंच सांगता येतं की नावं आम्हाला माहीत नाहीत.

पारावरचा हिशेब
सव्वा लाखात एक बदल सुचवतो. पहिल्याच फेरीत सगळे वाटू नका. ४० हजार सप्टेंबरपर्यंत हात न लावता ठेवा. शेवटच्या फेरीत, किंवा वसतिगृहाच्या अनामतीला अडलेली मुलं तेव्हा येतात आणि ती सगळ्यात जास्त अडलेली असतात.

शेवटची एसटी
@वेशीवरचा वड, अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. एक प्रत विभाग नियंत्रकांना. पंधरा दिवसांनी आवक क्रमांक सांगून वाहतूक निरीक्षकांना भेटा, वेळापत्रक तेच बसवतात. शनिवारी शाळा सकाळची असेल तर त्या दिवशीची सुटायची वेळ अर्जात वेगळी लिहिली आहे ना?